परसबाग : हौस नव्हे, हिशेब

पैनगंगेच्या खोऱ्यातील फुलसावंगी हे यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील एक मोठे बाजारगाव. सभोवार काळी जमीन. तिच्यात प्रामुख्याने कापूस, सोयाबीन आणि तूर. जेथे पाण्याची सोय आहे तेथे हळद आणि ऊस. आसपासच्या लहान खेड्यांचा आणि तांड्यांचा व्यवहार अशा बाजारगावांवर चालतो. या गावांच्या आठवडी बाजारात एक दृश्य हटकून दिसते. ते इतके नित्याचे झाले आहे, की त्यातील विसंगती कोणाच्या ध्यानातही येत नाही. ज्यांचे सारे आयुष्य मातीत राबण्यात गेले, तेच शेतकरी आणि शेतमजूर पिशव्या घेऊन वांगी, टोमॅटो, मेथी आणि सांभार विकत घेत असतात. भाव परवडला तर पावशेराच्या जागी अर्धा किलो, न परवडला तर केवळ बटाटे आणि कांदे. जो पिकवतो तोच ग्राहक, आणि तोही बाजारातील सर्वांत दुबळा ग्राहक, अशी ही स्थिती आहे.

ही स्थिती फुलसावंगीपुरती नाही. संपूर्ण पश्चिम विदर्भाच्या शेतीने गेल्या तीन-चार दशकांत जे वळण घेतले, त्याचा हा परिपाक आहे. अलीकडे ‘परसबाग’ या जुन्या शब्दाला सरकारी परिपत्रकांतून नवे जीवदान मिळाले आहे. राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने, म्हणजे ‘उमेद’ने, बचतगटांतील महिलांसाठी ‘माझी पोषण परसबाग’ ही मोहीम हाती घेतली. शाळांतून पोषण-बागा कराव्यात, अशा मार्गदर्शक सूचना केंद्राने २०१९ साली दिल्या. या प्रयत्नांचे स्वागतच करावयास हवे. परंतु परसबाग ही केवळ हौस आहे, समाजकल्याणाचा एक कार्यक्रम आहे, की खेड्याच्या अर्थव्यवस्थेचे एक गंभीर अंग आहे, याचा निर्णय झाल्याखेरीज या मोहिमांचे भवितव्य सांगता येणार नाही.

शेतातून गेलेली भाजी

वऱ्हाडातील कुटुंबाची भाजी पूर्वी दोन ठिकाणांहून येत असे. एक घरामागच्या परसातून आणि दुसरी शेतातून. कपाशीच्या तासांमधून बरबटी, भेंडी, अंबाडी आणि वाळकाचे चार दाणे टाकण्याची रीत होती. ते बी स्त्रियांच्या स्वाधीन असे आणि येणारे पीकही त्यांच्याच हाती राही. त्याची नोंद कोणत्याही पीकपाहणीत होत नसे. याशिवाय पावसाळ्याच्या आरंभी आपोआप उगवणारा तरोटा, घोळ, कुंजर, आणि बांधावरच्या वेलीची काटवले ही तर फुकटचीच भाजी होती. निंदणाला गेलेली मजूर स्त्री संध्याकाळी ओटीत भाजी घेऊनच परतत असे. तिच्या मजुरीचा तो एक अलिखित भाग होता.

हा भाग कसा नाहीसा झाला, हे पाहण्यासारखे आहे. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. बीटी कापसाला २००२ साली अनुमती मिळाली आणि त्यानंतर कपाशीचे जवळजवळ सारे बियाणे पाकिटातून येऊ लागले. पेरणीचे अंतर, फवारण्यांची संख्या आणि खर्चाचा आकडा वाढला. एवढा खर्च ज्या पिकावर होतो, त्याच्या ओळींत बरबटीला जागा द्यावी, असे कोणाला वाटेनासे झाले. पुढे तणनाशके आली. शासनाची मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणेही विदर्भात चोरवाटेने पसरले, आणि जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोला जिल्ह्यात आंदोलन करून ते उघडपणे पेरले. त्या बियाण्याच्या गुणावगुणांचा वाद येथे प्रस्तुत नाही. निंदणाचा खर्च वाचवण्याची शेतकऱ्याची निकडही खोटी नाही. परंतु ज्या फवाऱ्याने तण मरते, त्याच फवाऱ्याने घोळ, तरोटा आणि अंबाडीही मरते. शेतकऱ्याचा निंदणाचा खर्च वाचला, मजूर स्त्रीची मजुरी गेली आणि तिच्या ओटीतली भाजीही गेली. या तिन्ही गोष्टी एकाच व्यवहाराच्या बाजू आहेत. हिशेबात मात्र पहिलीच धरली जाते.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर येथे हक्काचा प्रकार बदलला. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दुष्काळावरील आपल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की अन्न बाजारात असणे आणि ते माणसाच्या ताटात येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. जो स्वतः पिकवतो त्याचा अन्नावरील हक्क स्वतःच्या उत्पादनातून येतो. जो विकत घेतो त्याचा हक्क त्याची मजुरी आणि बाजारभाव यांच्या प्रमाणावर अवलंबून राहतो. विदर्भातील शेतकरी कुटुंबाचा भाजीवरील हक्क पहिल्या प्रकारातून दुसऱ्या प्रकारात सरकला. कापसाला भाव आला तर ताटात भाजी, न आला तर चटणी-भाकरी, असे समीकरण त्यातून निर्माण झाले.

दराच्या लाटा आणि ताटातील पोकळी

विकतच्या भाजीवर अवलंबून राहणे किती अनिश्चित आहे, हे अलीकडच्या वर्षांनी स्पष्ट केले आहे. जुलै २०२३ मध्ये देशातील किरकोळ महागाईचा दर ७.४४ टक्के होता; पण भाज्यांची महागाई ३७.३४ टक्क्यांवर गेली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती ४२.१८ टक्के झाली. पुढे २०२५ साली तोच आकडा शून्याच्याही खाली उतरला. टोमॅटोचा भाव नारायणगाव, कोलार किंवा मदनपल्लीच्या बाजारातील आवकेवर ठरतो. फुलसावंगीच्या मजुराला त्या आवकेची वार्ता लागते ती भाव दुप्पट झाल्यावरच. शिवाय भाव पडतात तेव्हा पिकवणारा बुडतो आणि चढतात तेव्हा खाणारा उपाशी राहतो. यवतमाळसारख्या जिल्ह्यात हे दोघे पुष्कळदा एकाच घरात राहतात.

या अनिश्चिततेची किंमत शरीरे मोजतात. राष्ट्रीय आहार संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या दैनंदिन आहारात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावयास हवीत. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग-खर्चाच्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भारतातील दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये होता. त्यात भाज्यांचा वाटा सुमारे ५.४ टक्के, म्हणजे महिन्याला २०० रुपयांच्या आसपास, आणि फळांचा ३.७ टक्के, म्हणजे १४० रुपयांच्या आसपास भरतो. याउलट पेये आणि तयार खाद्यपदार्थ यांचा वाटा ९.६ टक्के, म्हणजे भाज्या आणि फळे यांच्या एकत्रित वाट्याहूनही अधिक. दररोज सात रुपयांत ४०० ग्रॅम भाजी येत नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४८ टक्के होते; २०१९-२१ च्या पाहणीत ते ५४.२ टक्के झाले. पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण ५३.८ वरून ६८.९ टक्क्यांवर गेले. राज्याचे दरडोई उत्पन्न वाढत असताना हे घडले. उत्पन्नवाढीबरोबर पोषण आपोआप सुधारते, या समजुतीला एवढा प्रत्यवाय पुरेसा आहे.

एका गुंठ्याचा जमाखर्च

मग परसबाग हे उत्तर आहे काय? येथे भावनेपेक्षा जमाखर्च उपयोगी पडेल. पाच माणसांच्या कुटुंबाला दररोज दोन किलो, म्हणजे वर्षाला सुमारे ७३० किलो भाजी लागेल. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर जागा. वाटा, आळी आणि झाडांची सावली वगळता तीत ६० चौरस मीटर प्रत्यक्ष लागवडीखाली येते असे धरू. ओलिताखालील भाजीपाल्याचे हेक्टरी वीस टन उत्पादन अशक्य कोटीतील नाही. ते चौरस मीटरला दोन किलो पडते. खरीप आणि रब्बी असे दोन हंगाम साधले तर २४० किलो भाजी मिळेल. म्हणजे कुटुंबाच्या आदर्श गरजेचा एक-तृतीयांश भाग. किलोला सरासरी तीस रुपये किरकोळ भाव धरला, तर तिची किंमत ७,२०० रुपये होते.

आता खर्चाची बाजू. आठ महिने दररोज एक तास काम म्हणजे २४० तास, अर्थात आठ तासांचे तीस दिवस. राज्यात २०२५-२६ साली रोजगार हमीवरील मजुरीचा दर ३१२ रुपये होता. त्या दराने या श्रमाचे मूल्य ९,३६० रुपये होते. बियाणे, खत आणि कुंपण यांचा खर्च निराळाच. म्हणजे श्रमाला मजुरीचा पूर्ण दर लावला, तर एका गुंठ्याची परसबाग तोट्यात जाते! परसबागेच्या प्रचारपत्रकांत हा हिशेब कधी आढळत नाही, आणि म्हणूनच तो मांडणे अगत्याचे आहे.

तथापि हा हिशेब येथेच संपत नाही. पहिली गोष्ट अशी, की सकाळचा अर्धा आणि संध्याकाळचा अर्धा तास बाजारात विकता येत नाही; तुकड्यातुकड्यांच्या वेळेला कोणी मजुरी देत नाही. दुसरी गोष्ट, घरची भाजी किरकोळ भावाची बचत करते. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासानुसार ग्राहकाच्या एका रुपयातून टोमॅटो पिकवणाऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांदा पिकवणाऱ्याला ३६ पैसे आणि बटाटा पिकवणाऱ्याला ३७ पैसे मिळतात. उरलेला सुमारे दोन-तृतीयांश रुपया वाहतूक, नासाडी, अडत आणि नफा यांत जातो. परसातून थेट चुलीवर जाणारी भाजी हा सारा टप्पा वाचवते. व्यापारी भाजीपाल्याला जे गणित कधीच साधत नाही, ते परसबागेला जन्मतःच साधलेले असते. तिसरी गोष्ट विम्याची. ज्या महिन्यात भाव चाळीस टक्क्यांनी चढतो, नेमक्या त्या महिन्यात दारातील दोडक्याचा वेल आणि शेवग्याचे झाड कुटुंबाला सावरून धरते. चौथी गोष्ट, पैशाची बचत ज्याच्या हाती पडते तो ती कशावर खर्च करील याचा नेम नाही. परसातील भाजी मात्र बहुतांशी ताटातच जाते.

संयुक्त राष्ट्रांनी १९५३ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या मोजणीची जी पद्धती घालून दिली, तीत कुटुंबाने स्वतःच्या उपभोगासाठी काढलेले शेतीचे उत्पादन धरण्याची तरतूद आहे. परंतु दारच्या पपईचा आणि आळूच्या पानांचा हिशेब कोण ठेवणार? जे मोजले जात नाही त्याच्यासाठी नियोजन होत नाही, आणि ज्याचे नियोजन होत नाही ते हळूहळू नाहीसे होते, असा आजवरचा अनुभव आहे.

जागा कोणाची?

वरच्या हिशेबात एक गुंठा गृहीत धरला होता. खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. ज्या कुटुंबांना परसबागेची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्याकडे गुंठा तर दूरच, चार खाटा मावतील एवढेही अंगण नसते. गावठाणे वाढली नाहीत, कुटुंबे वाढली. वडिलोपार्जित घराच्या वाटण्या झाल्या आणि पहिला बळी परसाचा गेला. प्रधानमंत्री आवास योजनेतील ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर ठरवण्यात आले. त्यात स्वयंपाकाची जागा धरली आहे; परस धरलेला नाही. चुलीची चिंता वाहणाऱ्या योजनेने त्या चुलीवर शिजणाऱ्या भाजीची चिंता वाहू नये, हे नियोजनातील एक मोठे वैगुण्य म्हणावे लागेल.

फळझाडांच्या बाबतीतही असेच घडले. महाराष्ट्राने १९९० साली रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू केली. तिने राज्याच्या कोरडवाहू भागांत फळबागांचा मोठा विस्तार घडवला. परंतु ती सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांची योजना होती. ज्याच्याकडे शेत नाही त्याच्या दारी पपई, पेरू, लिंबू आणि शेवगा अशी चार झाडे लावून देण्याचा विचार तीत नव्हता. वस्तुतः या चार झाडांना मिळून जेवढी जागा लागते, तेवढी अनेक भूमिहीन कुटुंबांच्या घराशेजारीही निघू शकते. लिंबाचे महत्त्व तर निराळेच आहे. पालेभाजीतील लोह शरीरात मुरण्यास ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. म्हणून दारातील एक लिंबाचे झाड परसातील साऱ्या पालेभाजीची किंमत वाढवते.

दिवाळीनंतर कामाच्या शोधात घर सोडणाऱ्या कुटुंबांचा प्रश्न आणखी बिकट आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या या भागातील तांड्यांतून आणि वाड्यांतून ऊसतोडीला व शहरांतील बांधकामांवर जाणारी कुटुंबे थोडी नाहीत. रब्बीचा हंगाम हा परसबागेचा खरा बहर. आणि नेमका त्याच वेळी त्यांच्या दाराला कुलूप असते. त्यांची मुले पाठीमागे आजी-आजोबांजवळ राहतात किंवा बरोबर फडावर जातात. या कुटुंबांना परसबागेचा उपदेश करण्यापूर्वी त्यांना हिवाळ्यात गावातच काम मिळेल, याची तजवीज करावी लागेल.

पाणी आणि विष

या भागात पाऊस पुरेसा पडतो, पण चार महिन्यांत पडून जातो. कधी तो इतका पडतो, की जुलै २०२३ मध्ये महागाव तालुक्यातीलच आनंदनगर तांड्याला पुराने वेढा घातला आणि लोकांच्या सुटकेसाठी आपत्ती निवारण दलाला धाव घ्यावी लागली. तोच तालुका उन्हाळ्यात पाण्यासाठी कासावीस होतो. परसबागेचा पावसाळा निभावतो, हिवाळा साधता येतो. उन्हाळा मात्र पिण्याच्या पाण्याशी स्पर्धा करू लागतो.

येथे सांडपाण्याचा विचार उपयुक्त ठरतो. जलजीवन योजनेने माणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठरवले आहे. पाच माणसांचे २७५ लिटर झाले. न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी त्यातून दीडशे लिटर जरी निघाले, तरी हिवाळ्यात चौरस मीटरला चार लिटर या प्रमाणात ते पस्तीस-चाळीस चौरस मीटर जागेला पुरते. साबणाचे पाणी कच्च्या खाण्याच्या पालेभाजीला देऊ नये. केळ, आळू, पपई, शेवगा यांना ते चालते. गावोगाव सांडपाण्यासाठी शोषखड्डे खोदण्यावर जो खर्च होत आला, त्याचा काही भाग हे पाणी परसात वळवण्यावर झाला असता, तर गटार आणि भाजी हे दोन्ही प्रश्न एकदमच सैल झाले असते. अर्थात हे सारे नळाला खरोखर पाणी येते, या गृहीतावर अवलंबून आहे.

दुसरा प्रश्न विषाचा. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. त्या घटनेची आठवण परसबागेच्या संदर्भात मुद्दाम करावयास हवी. शेतावरचा फवारणीपंप घरी येतो आणि उरलेल्या औषधाचा एक हात परसातील वांग्यांवरून फिरवण्याचा मोह होतो. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाचा भाज्यांवरील वापर २००५ सालीच निषिद्ध ठरला होता. पण परसात कोणता निरीक्षक येणार? परसबागेचा मोठा लाभ विषमुक्त भाजी हा सांगितला जातो. तो लाभ आपोआप मिळत नाही, तो पाळावा लागतो. घरातील लहान मुले जेथे खेळतात, त्या जागेत शेतीची औषधे आणूच नयेत, एवढा एक नियम प्रत्येक घराने पाळला तरी पुष्कळ साधेल.

घाम कोणाचा?

परसबागेच्या मोहिमा आज महिला बचतगटांमार्फत चालतात. त्यामागे तर्क आहे. घरच्या आहाराची सूत्रे स्त्रीच्या हाती असतात. पण त्या सूत्रांबरोबर ओझेही तिच्याच डोक्यावर येते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटे, तर पुरुषांचा ८८ मिनिटे भरतो. जी स्त्री पाच तास घरात आणि सात-आठ तास शेतात राबते, तिला आणखी एक तास परसात घालावयास सांगणे आणि त्याला सक्षमीकरण म्हणणे, हा शब्दांचा दुरुपयोग आहे. कुपोषण ही शासनाच्या आरोग्ययंत्रणेची, शिधावाटपाची आणि अंगणवाडीचीही जबाबदारी आहे. ती गुपचूप स्त्रीच्या परसात ढकलून देण्याचे साधन परसबाग होता कामा नये.

याचा अर्थ परसबाग सोडून द्यावी, असा नव्हे. तिचे श्रम वाटून घ्यावयास हवेत, असा आहे. आळी खोदणे, कुंपण घालणे, मांडव उभारणे आणि पाणी वळवणे ही कामे पुरुषांनी केली, तर स्त्रीकडे बी, तोडणी आणि निवड एवढेच राहते. आणि ती कामे तिने परंपरेने आवडीने केली आहेत. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण सर्वश्रुत आहे. शाळेचे शिक्षण नसलेल्या या आदिवासी शेतकरी स्त्रीने वाल, घेवडा आणि इतर गावरान भाज्यांची बियाणी घरात जपली. ‘बायफ’ संस्थेचे साह्य तिला मिळाले, त्यातून बीजबँक उभी राहिली आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. या उदाहरणाचा बोध गौरवापुरता नाही. गावरान बियाणे दरवर्षी घरच्या घरी धरता येते. संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. ज्या परसबागेचे बी दुकानातून येते, ती अनुदान संपले की संपते.

मोहीम आणि व्यवस्था

मोहिमांचे हेच दुखणे आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत ‘विजय-बागा’ फुलल्या; सुमारे दोन कोटी बागांमधून त्या देशाला लागणाऱ्या ताज्या भाजीपाल्याचा चाळीस टक्क्यांपर्यंत भाग पिकला असे सांगितले जाते. युद्ध संपले आणि बहुतेक बागांवर पुन्हा हिरवळ आली. भारतातही १९४२-४३ पासून ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम चालली. तिची चौकशी करणाऱ्या समितीने १९५२ साली असा निष्कर्ष काढला, की ग्रामजीवनाची सारी अंगे परस्परांत गुंतलेली आहेत आणि सुट्यासुट्या प्रयत्नांनी स्थायी फळ मिळत नाही. त्यातूनच गावपातळीवरील विस्तारसेवेची कल्पना पुढे आली. याउलट केरळातील घराभोवतीची वाडी किंवा जावा बेटावरील परसबाग कोणत्याही मोहिमेविना शतकानुशतके टिकली. कारण तेथे घर आणि बाग यांची जागा एकच मानली गेली. बांगलादेशात १९९० च्या सुमारास सुरू झालेल्या घरगुती बागांच्या कार्यक्रमांनीही एक गोष्ट शिकवली. भाज्यांचा खप बागेमुळे वाढतो. परंतु बालकांचे पोषण सुधारावयाचे तर त्यासोबत आहारशिक्षण, स्वच्छता आणि आरोग्यसेवा यांची जोड लागते. बाग एकटी चमत्कार करीत नाही.

तेव्हा फुलसावंगीसारख्या गावाने करावयाच्या गोष्टी मोजक्याच, पण नेमक्या आहेत. घरकुलासाठी नवी जागा देताना अर्धा गुंठा परस त्यातच धरावा. ज्यांना परस नाही त्यांच्यासाठी शाळेच्या, अंगणवाडीच्या किंवा गावठाणाच्या मोकळ्या जागेतील वाफे वाटून द्यावेत. मोकाट गुरांसाठी ग्रामपंचायतीने आपला कोंडवाडा खरोखर चालवावा. कारण कुंपणावर जेवढी परसबाग अवलंबून असते, तेवढी ती खतावरही नसते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे ज्ञान आणि गावातील वृद्ध स्त्रियांचे बी यांची गाठ घालून देणारी एक बीजपेटी प्रत्येक बचतगटाकडे असावी. पहिल्या वर्षी किती बागा लावल्या, यापेक्षा तिसऱ्या वर्षी किती बागा उरल्या, हे मोहिमेच्या यशाचे माप मानावे. छायाचित्रे आणि स्पर्धा पहिले माप भरून काढतात. दुसरे माप भरण्यास पाणी, जागा आणि श्रमांची वाटणी लागते.

परसबागेने कापसाचा भाव वाढणार नाही, कर्ज फिटणार नाही आणि शेतीच्या मूळ प्रश्नांना बगल देण्याचे साधन म्हणूनही तिच्याकडे पाहता येणार नाही. २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, त्या सहा जिल्ह्यांत यवतमाळ होता. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या छायेत २४० किलो भाजीचा हिशेब क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरात आई आणि मूल दोघांचेही रक्त कमी आहे, त्या घरापुरता तो क्षुल्लक नाही. कापसाच्या भावावर त्या घराचा ताबा नाही, टोमॅटोच्या आवकेवर नाही आणि पावसावर तर नाहीच. दाराशी थोडी जागा आणि न्हाणीचे पाणी यांवर तो असू शकतो. तेवढा ताबा त्याला मिळवून देणे हे ग्रामपंचायतीच्या आणि शासनाच्या आवाक्यातील काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या घोषणेची आवश्यकता नाही.